ओवी म्हटली तरच जाते फिरेल



वर्धापनदिनाला दोन शब्द बोल, असे चिटणीसबाईंनी सांगितले. भाषणाची मला सवय नाही, शिक्षणही सातवीपर्यंतचे. पण गौरीपुढच्या देखाव्यावरून आपल्या मंडळात दोन तट पडले आहेत, त्याविषयी बोलल्यावाचून मला राहवत नाही.

माझ्या पुतणीची आणि तिच्या मैत्रिणींची कल्पना अशी. जात्यावर बसलेली बाहुली करायची आणि आत मोटार बसवायची. समोर उभ्या राहिलेल्या बाईने ओवी म्हटली की बाहुलीचा हात फिरू लागेल. ओवी थांबली की जातेही थांबेल. आवाज लागला की मोटार चालू करणारा लहानसा तुकडा बाजारात मिळतो. यावर काहीजणी म्हणाल्या, मोटारीची कामे बायकांची नव्हेत, कोल्हापूरहून तयार देखावा आणू. काहीजणी म्हणाल्या, यंत्र आले की कला गेली.

कला कशी जाईल? आपल्याच जिल्ह्यातले बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवीत. त्यांनी १९१८ साली कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ लोकांपुढे आला. कुंचला धरणाऱ्या हातांनी यंत्रही जुळवले. त्यात त्यांची कला उणी झाली नाही.

आणि आपले अर्धवटराव! यशवंत पाध्ये यांनी ही बाहुली १९१६ साली घडवली. १९६७ पासून त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये तिला बोलकी करीत आले. ते शिकलेले इंजिनिअर. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसरा ससाही त्यांचाच. (तो पापडाचा उद्योग १९५९ साली सात बायकांनी सुरू केला, हेही आपण विसरू नये.) अशा बाहुलीच्या पोटात कळा असतात, त्या दाबल्या की ओठ हलतात, डोळे फिरतात. बोलतो कोण हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी लोक उत्तर देतात ते बाहुलीलाच. मला यातले हेच फार आवडते. पाहणारा नुसता पाहत बसत नाही, तोही खेळात येतो.

पुतणीने मोबाईलवर मला परदेशातले एक यंत्र दाखवले. एडवर्ड इह्नाटोविच नावाच्या शिल्पकाराने केलेले ते यंत्र १९७० साली हॉलंडमध्ये आइंडहोवनला फिलिप्स कंपनीच्या प्रदर्शनात मांडले होते. सुमारे पंधरा फूट लांब लोखंडी जनावरच ते! साखर कारखान्यात ऊस पिळणाऱ्या रुळांवर तेलाचा दाब असतो ना, तसल्याच दाबावर त्याची मान हले. हळू बोलले की मान जवळ येई, ओरडले किंवा एकदम हात हलवला की मागे सरे. अगदी आपल्या गोठ्यातल्या रेडकासारखे. लोखंडाला लाजरेपण दिले ते त्या शिल्पकाराने, आणि माणसे भोवती बोलत तेव्हाच ते दिसून येई.

एका बाईंनी सुचवले की ओव्या मोबाईलवर लावून ठेवू, म्हणजे कुणाला म्हणायला नको. हे मला मुळीच पटत नाही. मग बाहुली दळेल आणि आपण हाताची घडी घालून उभ्या राहू. घरोघरी पिठाची गिरणी झाली हे बरेच झाले, पहाटे उठून दळण्याचे कष्ट मला परत नकोत. पण जात्याबरोबर ओव्याही गेल्या. आज आपल्या मंडळात दहा ओव्या सलग म्हणू शकतील अशा चारच जणी, त्याही साठीपुढच्या. आमच्या सुनांना एकही येत नाही. जाते फिरवायचे म्हणून तरी पोरी आजीला विचारतील, निदान दोन ओव्या पाठ करतील. तयार देखाव्याने हे होईल का?

राहिली मोटार. शिवणयंत्राची मोटार फार जोरात फिरते, ती नको. टेबलफॅनची मान ज्याने सावकाश फिरते, ती दातेरी चाके उपयोगी पडतील असे आमच्या घरी सांगितले. बाहुलीचा सांगाडा बांबूचा, अंगावर जुने इरकल लुगडे. जोडकाम पोरी करतील, तारा कारखान्यातला जाणता माणूस एकदा तपासून देईल.

एक अडचण मात्र आहे. पोरांच्या आरड्याओरड्यानेही जाते फिरेल. मोठा आवाज झाला की थांबेल अशी सोय करता येते म्हणे; पुतणीचे ते चालले आहे. तोवर कुणाकडे बंद पडलेला टेबलफॅन असेल तर शनिवारी मंडळात आणून द्यावा, आणि ज्यांना ओव्या येतात त्यांनी दुपारी तीनला यावे. पोरी वह्या घेऊन बसणार आहेत.