रॅम येतोय, टाकीतल्यांनो, थोडं सरकून घ्या!

सदरमधून बोलतोय. आजचा विषय: टेट्रा-कोरी सुखानं नांदतायत अशा टाकीत ड्वार्फ सिक्लिड कसा सोडायचा?

ड्वार्फ म्हणजे बुटका, पण स्वभाव सिक्लिडचाच भाऊ! ब्लू रॅम जेमतेम ५-६ सेंटिमीटरचा. मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातला. त्याला मऊ आणि कोमट पाणी लागतं, २७ ते ३० अंश. निऑन टेट्राला एवढी ऊब सोसत नाही. कार्डिनल टेट्राला चालते. म्हणजे सोबती आधी तापमान बघून निवडायचे, रंग बघून नाही.

आता आपलं नागपूर. थंडीत हीटर हवाच. मे महिन्यात उलटं: पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. एअर पंप बंद ठेवू नका. लाइट जाते, म्हणून बॅटरीवरचा एक जवळ असू द्या. पेंचच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय वापरू नका. बोअरचं असेल तर ते किती जड आहे, टेस्ट किटनं बघा.

मासा आणला की थेट टाकीत नाही. आपण नवा कोड थेट प्रॉडक्शनवर टाकतो का? २-३ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. आजार असेल तर तिथंच कळेल, जुने मासे वाचतील. मुख्य टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत.

सोडायच्या दिवशी दगड, लाकूड, झाडं यांची जागा बदला, म्हणजे जुन्यांची हद्द मोडते आणि सगळेच नवे होतात. पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग थोडंथोडं टाकीचं पाणी आत घाला. मासा जाळीनं उचला, पिशवीतलं पाणी फेका. त्या रात्री लाइट बंद.

दोन फुटी टाकीत एकच जोडी. दोन नर ठेवले तर रोज भांडण. जोडीनं अंडी घातली की तळाशी फिरणाऱ्या बिचाऱ्या कोरीला मार बसतो. तिला हद्द वगैरे कळत नाही. दुसऱ्या टोकाला आडोसा ठेवा. तरीही एखाद्याचे पंख फाटत असतील, तो कोपऱ्यात दबून खात नसेल, तर वाट बघू नका, जोडी वेगळी करा.

आणि नाहीच जमलं तर मासा दुकानात परत द्या, मित्राला द्या. फुटाळ्यात सोडू नका. ती सुटका नव्हे. तिथं तो तरी मरतो, नाहीतर तलावाला आजार देतो.

भेटूया पुढच्या भागात!