विम्याचा दावा आणि वकिलाची पायरी

(पूरग्रस्त भागातील लहान दुकानदारांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात पुराने बाजारपेठा धुऊन नेल्या. चिखल उपसून झाला की दुकानदारापुढे दुसरे संकट उभे राहते : विम्याचा दावा. कंपनीचे उत्तर येत नाही, किंवा आले तर रक्कम निम्मी असते. मग प्रत्येकजण विचारतो, ‘वकील द्यावा काय?’ या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे : आपला तंटा नेमका कशाविषयी आहे?

तंटा केवळ पुराव्याचा असेल, म्हणजे किती माल होता आणि किती भिजला एवढाच असेल, तर त्या घटकेला वकिलापेक्षा खरेदीची बिले, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेला दिलेले मालाचे तक्ते आणि छायाचित्रे अधिक उपयोगी पडतात. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. तो अहवाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले आहे. आपल्या हिशेबाचा जाणता माणूस त्यातील चुका कलमवार दाखवू शकतो.

तंटा रकमेचा असेल, तर आधी गणित करावे. दहा लाखांच्या मालाचा विमा सहा लाखांचाच उतरवला असेल आणि नुकसान पाच लाखांचे झाले असेल, तर कमी विम्याच्या नियमाने तीन लाखच हाती पडतात. हे गणित कोणताही वकील बदलू शकणार नाही. मात्र एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे. ती सवलत दिली की नाही, हे अवश्य पाहावे. वकिलाची फी तोलायची ती संपूर्ण दाव्याशी नव्हे, वादात राहिलेल्या रकमेशी. मिळालेल्या रकमेत वाटा घेण्याचा करार करण्यास आपल्याकडे वकिलांना मनाई आहे. त्यामुळे निकाल काहीही लागला तरी फी आपल्याच खिशातून जाणार, हे ध्यानात ठेवावे.

अशा तंट्यांसाठी दोन दारे वकिलावाचून उघडतात. पहिले विमा लोकपालांचे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जायचे. व्यक्ती, एकट्याच्या मालकीची दुकाने व सूक्ष्म उद्योग यांचे पन्नास लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात. फी नाही आणि वकिलाला प्रवेशही नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो पटला नाही तर पुढचा मार्ग मोकळा राहतो. दुसरे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. तेथे तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो, आणि भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप वाढत नाही.

मग वकील केव्हा? कंपनीने आपल्यावर लबाडीचा किंवा माहिती दडवल्याचा ठपका ठेवला तर तेव्हाच. अटीच्या अर्थावरून दावा नाकारला, बँकेने पॉलिसीत गोदामाचा पत्ता चुकवला आणि आता दोघेही हात वर करताहेत, किंवा जिंकलेल्या निकालावर कंपनीने राज्य आयोगात अपील केले, तर तेव्हाही. अशा ठिकाणी एकट्याने लढणे हा शहाणपणा नव्हे. ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या व्हाउचरवर सही करण्यापूर्वी तर एकवार सल्ला घ्यावाच. दडपणाखाली किंवा फसवणुकीने केलेली सही दाव्याच्या आड येत नाही, असा १९९९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. परंतु ते दडपण सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावरच पडते. घरात दोन महिने चूल कशीबशी पेटत असताना पुढे केलेला तो कागद आपण वाचतही नाही.

‘वकिलाची फी परवडत नाही’ म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने पूरग्रस्ताला मोफत वकील मागण्याचा हक्क दिला आहे. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींनाही तो आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. ही कृपा नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

शेवटी एक सूचना. एकाच पेठेतील दहा दुकानांचे दावे एकाच कारणाने अडले असतील, तर दहा जणांनी दहा वकील शोधू नयेत. आयोगाच्या परवानगीने समान हिताच्या ग्राहकांना एकत्र तक्रार करता येते. कंपनीकडे सर्व्हेअर आहे, कायदा विभाग आहे, थांबण्याची ताकद आहे. आपल्याकडे शेजारी आहे. उद्याच बसा, आपापल्या पॉलिसी एकमेकांसमोर ठेवा, नकाराची पत्रे शेजारी शेजारी लावून वाचा. वकील हवा की नको, याचे उत्तर त्या कागदांतूनच मिळेल.