रात्रीच्या भयकथांची सोबत

अमेरिकेत 1954 साली लॉस एंजेलिसच्या स्थानिक दूरचित्रवाणीवर काळ्या पोशाखातली ‘व्हॅम्पायरा’ रात्री उशिरा भयपट सादर करायची. ही भूमिका मायला नुर्मी यांची. आपल्या रत्नागिरीत हे काम पूर्वापार घरातली वडीलधारी मंडळीच करत आली. जेवणं आटोपली की पडवीत मुंजा, हडळ, वेताळ यांच्या गोष्टी रंगत. मग मागीलदारी जाताना मुलं एकमेकांचा हात सोडत नसत.

1993 मध्ये केबलवर रामसे बंधूंचा ‘झी हॉरर शो’ आला. करकरणारं दार, धुकं आणि अंगावर येणारी शांतता! 2016 मध्ये आली ‘रात्रीस खेळ चाले’. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या आकेरीत चित्रित झालेली, मालवणी वळणाची ही मालिका रात्री साडेदहाला लागायची. 2019 च्या दुसऱ्या भागातले माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक तर घराघरांत पोहोचले.

आता जो तो आपापल्या मोबाइलवर पाहतो. पण घाबरण्यातली खरी गंमत सोबतीत आहे. या सुट्टीत आजी-आजोबांना अशी एखादी गोष्ट सांगायला लावा, आणि त्यांच्याच आवाजात ती ध्वनिमुद्रित करून ठेवा.