पाथरवटाचे अक्षर



‘डिझाइन’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की, त्याला प्रतिशब्द शोधीत बसण्याचे प्रयोजन उरलेले नाही. संकल्पन, अभिकल्प, आरेखन असे शब्द कोशांत सापडतात. परंतु शिंप्यापासून सोनारापर्यंत सर्वजण डिझाइनच म्हणतात. मात्र पुष्कळांच्या मनात त्याचा अर्थ नक्षी एवढाच असतो. साडीच्या काठावर किंवा बांगडीवर जे उठून दिसते ते डिझाइन. त्यामुळे मुलगी डिझाइन शिकते असे सांगितले की, त्यासाठी चार वर्षे आणि एवढा पैसा कशाला, हा प्रश्न नातेवाइकांच्या चेहऱ्यावर उमटतोच.

अशा वेळी मी लोट्याची गोष्ट सांगतो. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. या देशात डिझाइनचे शिक्षण कसे असावे, हा त्याचा विषय. आपल्याकडील ज्या वस्तू त्यांनी पाहिल्या त्यांत सर्वांत अधिक वाखाणला तो रोजच्या वापरातला साधा लोटा. त्यात पाणी किती मावावे, भरल्यावर तोल कसा राहावा, ओतताना धार कशी पडावी, हे सारे प्रश्न त्याच्या आकारातच सुटलेले आहेत. आणि ते कोणा एका कारागिराने सोडविलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी सोडविले आहेत. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली निघाली ती या अहवालानंतर. नक्षीचा आणि लोट्याचा संबंध किती, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आज अशाच एका विद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत ती माझ्याकडे मराठी शिकली. आमच्या सीमाभागातील पुष्कळ मुलांप्रमाणे ती घरी एक, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा बोलत मोठी झाली. गेल्या दोन वर्षांत तिने संगणकावरची जी कामे हाती घेतली त्यांविषयी आज बोलावयाचे आहे. पैशाच्या दृष्टीने त्यांचे मोल शून्य. तिच्या वडिलांना हे खटकते, आणि त्यांचे खटकणे अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. कर्ज काढून शिकविलेल्या मुलीने फुकट कामे करावीत, हे कोणत्या बापाला गोड वाटेल?

पहिले काम अक्षरांचे. वर्तमानपत्र वाचणाऱ्या जुन्या मंडळींना शिशाचे खिळे आणि ते जुळविणारे जुळारी आठवत असतील. आता खिळे गेले. त्यांच्या जागी संगणकातील टंक, म्हणजेच फॉन्ट, आले. पण देवनागरीची मूळ अडचण तीच राहिली. इंग्रजीला काही थोडी अक्षरे पुरतात. आपल्याला व्यंजने, स्वर, काने, वेलांट्या, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकृत्या काढाव्या लागतात. ही अडचण आजची नव्हे. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांस पत्र लिहून या देशाच्या लिपीत पुस्तके छापण्याची परवानगी मागितली होती. ठसे सहाशेपर्यंत लागतील, परंतु ते दोनशेवर आणता येतील, असा हिशेब त्यांनी मांडला. डिझाइनचा विद्यार्थी आज याहून वेगळे काय करतो? तो बेत सिद्धीस गेला नाही. १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले तेव्हा सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रोमन अक्षरांत उमटल्या. मराठीवर एवढे प्रेम करणाऱ्या कवीला मराठीचे अक्षर मात्र छापखान्यात मिळाले नाही. पुढे लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रश्नावर डोके झिजविले, हे ‘केसरी’च्या वाचकांना ठाऊक असेल.

ही मुलगी शिकली ती इतरांनी मोकळेपणाने दिलेल्या अक्षरांवरून. संगणकावरचा ‘मंगल’ हा टंक ज्यांनी घडविला ते र. कृ. जोशी हे आपल्याच प्रांताचे, सुलेखनकार आणि कवी. २००८ साली ते वारले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक तयार करून सर्वांस विनामूल्य वापरण्यास, इतकेच नव्हे तर उघडून पाहण्यास आणि त्यांत फेरफार करण्यासही दिले आहेत. घड्याळ उघडून पाहिल्याशिवाय घड्याळजी होता येत नाही. तिने ते टंक उघडले, आणि मधल्या ओळीतला ‘क’ व शिरोरेखेखालचा ‘ळ’ एकाच वजनाचे दिसण्यासाठी किती बारीक लबाड्या कराव्या लागतात हे तिला कळले. ‘ळ’ हे अक्षर गणिताने बरोबर काढले की डोळ्याला चुकीचे दिसते, असे तिने मला सांगितले. माझ्या फळ्यावरच्या अक्षरांकडे मी त्यानंतर जरा अधिक लक्ष देऊ लागलो आहे.

दुसरे काम विकिस्रोतातले. ज्या लेखकाच्या निधनास साठ वर्षे होऊन गेली त्याचे साहित्य आपल्या कायद्याने सर्वांचे होते. अशी जुनी पुस्तके पानापानांनी छायांकित करावयाची, यंत्राकडून त्यांतला मजकूर वाचून घ्यावयाचा आणि मग माणसाने तो ताडून पाहावयाचा, असे तेथे चालते. एकाने तपासलेले पान पिवळे होते. दुसऱ्या निराळ्या माणसाने पुन्हा तपासले म्हणजेच ते हिरवे होते. यंत्र हुशार असले तरी ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांत हमखास फसते. कागदावरच्या डागाला अनुस्वार समजते. तिने बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींच्या लिखाणापासून सुरुवात केली. १८५७ सालचे ‘यमुनापर्यटन’ ज्यांनी लिहिले तेच हे बाबा. ‘नाहीं’, ‘कांहीं’ अशी जुनी रूपे पाहून तिचा हात सुधारणेसाठी शिवशिवू लागला. पण तेथील नियम असा की, छापले आहे तसेच उतरवावयाचे. शाळेत दहा वर्षे शुद्धलेखनाचे गुण मिळविलेल्या मुलीस हा नियम पाळणे जड गेले. परंतु पुढच्या कामात तोच तिच्या उपयोगी पडला.

त्या पुढच्या कामाविषयी मला अधिक सांगावयाचे आहे.

तिच्या आजोळी एक लहान दफनभूमी आहे. तेथील शिळांवर मराठीत मजकूर कोरलेला आहे. गावातील माणसे मराठी बोलणारी, धर्माने ख्रिस्ती, धंद्याने बहुतेक शेतकरी. शिळा स्थानिक दगडाच्या. पावसाने आणि शेवाळाने अक्षरे झिजत चालली. या सर्व शिळांचे छायाचित्रांसह एक डिजिटल दप्तर करावे, कोणती शिळा कोठे आहे त्याचा नकाशा जोडावा आणि ते सर्वांना पाहता यावे, असा तिचा बेत.

झिजलेले अक्षर वाचण्याची युक्ती मला ठाऊक नव्हती. पुष्कळ लोक खडूने घासतात, तारेच्या घासणीने साफ करतात किंवा लिंबू लावतात. यांतले सर्वच दगडाला घातक. योग्य रीत अशी की, दगडाला हात न लावता त्यावर बाजूने तिरपा प्रकाश पाडावयाचा. सकाळी ऊन कलते असताना किंवा रात्री विजेरी एका अंगाला धरून पाहिले की, दुपारी कोरी दिसणारी शिळा बोलू लागते. एक वर्षभर सुट्टीत ती पहाटे उठून तेथे जात असे. सोबतीला मामा आणि मामाचा मुलगा. तो एका हाताने विजेरी आणि दुसऱ्याने कुत्री सांभाळी.

यातून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे, बऱ्याच शिळांचे अक्षर एकाच हातचे आहे. दोन पाकळ्यांचा ‘ल’, लांब देठाचा ‘श’, आणि ‘ळ’ किंचित डावीकडे झुकलेला. दुसरी गोष्ट म्हणजे, पुष्कळ शिळांवर नावच नाही. केवळ दोन-तीन आद्याक्षरे आणि एक क्रूस. याचे कारण गावातच कळले. पाथरवट मजुरी अक्षरामागे घेत असे. ज्याला परवडले त्याने आईचे नाव, गाव, तारीख आणि प्रार्थनेची ओळ कोरून घेतली. ज्याला परवडले नाही त्याने ‘सां. फ.’ एवढ्यावर भागविले. चर्चच्या मृत्यूच्या नोंदवहीत नावे आहेत, परंतु कोण कोठे पुरला हे तीत नाही. ‘सां. फ.’ म्हणजे कोण, हे सांगू शकतात त्या गावातील दोन-तीन वृद्ध स्त्रियाच. त्यांना दरवर्षी नोव्हेंबरात मेणबत्ती कोठे लावावयाची ते पाठ आहे.

येथपर्यंत सारे सुरळीत होते. पण तिने तयार केलेले पान गावकऱ्यांना चर्चच्या दिवाणखान्यात पडद्यावर दाखविले तेव्हा कुरबूर झाली. एका शिळेवर ‘ळ’ उलटा कोरला गेला आहे. कारागिराच्या हातून घडलेला हा दुर्मीळ नमुना म्हणून तिने तो मोठा करून अग्रभागी ठेवला होता. ती शिळा ज्यांच्या आजीची, ते गृहस्थ उठून म्हणाले, “बाय, आमच्या म्हातारीच्या मरणात तुला ‘ळ’च दिसला काय?” सभेत कोणी हसले नाही. दुसऱ्या एका घराण्याने सांगितले की, आमच्या माणसांची नावे जगभर दिसावीत असे आम्हाला वाटत नाही. कोणी आत्महत्या केली होती, कोणाचे लग्न वादाचे होते. साठ वर्षांनी तरी त्याचा बोभाटा कशाला?

विद्यालयात तिला शिकविले होते की वापरणाऱ्याला विचारून वस्तू घडवावी. पण येथे वापरणारा कोण? पडद्यावर पाहणारा परदेशस्थ नातेवाईक, की मेणबत्ती लावणारी आजी, की जो आता काहीच सांगू शकत नाही तो? माझ्या मते त्या सभेतच तिचे खरे शिक्षण झाले. तिने उलटा ‘ळ’ काढून टाकला. सर्वांसाठी उघडे दप्तर असण्याऐवजी त्याचे दोन भाग केले : शिळांची जागा आणि कुटुंबाने होकार दिलेली नावे सर्वांना दिसतात, बाकीचे गावाच्या पेटीत, चर्चमधील संगणकावर, आणि एक छापील प्रत फादरांकडे. काही जाणकारांना हे मागासलेपण वाटले. ज्ञान मोकळे असावे, असे ते म्हणतात. बाबा पदमनजींचे पुस्तक मोकळे असावे हे मलाही मान्य आहे. ते त्यांनी छापण्यासाठीच लिहिले होते. शेजारणीच्या शोकाचे तसे नाही.

राहिला तो पाथरवट. तो कधीच वारला. पण त्याचा नातू जवळच्या मोठ्या गावात स्वयंपाकघराचे ओटे आणि पायऱ्या घडवितो, अधूनमधून कबरीच्या शिळाही. टाकी आणि हातोडी कोपऱ्यात पडलेली. अक्षरे आता संगणकावर जुळवून यंत्राने कोरली जातात. यंत्रात जो टंक आला त्यातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या वळणाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीसाठी या दोन अक्षरांची वळणे आदेशाने ठरवून दिली आहेत. परंतु यंत्राला शासननिर्णय वाचता येत नाही. ‘ॲग्नेस’ हे नाव कोरताना तर त्याची फारच पंचाईत होई. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडच्या कोष्टकात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, आणि त्याच्या जुन्या टंकात ते नव्हतेच. तेव्हा ‘ऐग्नेस’ किंवा ‘एग्नेस’ असे काहीतरी दगडावर कायमचे बसे.

मुलीने आजोबांच्या शिळांवरून एक टंक काढला. सर्व शिळा धुंडाळूनही ‘ढ’, ‘ङ’, ‘ञ’ अशी अक्षरे मिळाली नाहीत. ती नातवाला विचारून काढावी लागली. आजोबा आधी गेरूची दोरी मारून शिरोरेषा पाडीत, मग सगळे काने सरळ उभे करीत आणि शेवटी गोलाई, हे त्याने जमिनीवर बोटाने काढून दाखविले. तो क्रम कळल्यावर नसलेली अक्षरे आपोआप जमू लागली, असे ती म्हणते.

टंक त्याच्या यंत्रात बसविला, तेव्हा त्याने किंमत विचारली. फुकट आहे म्हटल्यावर तो संशयाने पाहू लागला. मग म्हणाला की, मी आजही अक्षरामागेच पैसे घेतो. हे अक्षर आजोबांचे, काढले तू, कोरणार मी, तर हिशेब कसा करावयाचा? टंकास आजोबांचे नाव द्यावे असे तिच्या मनात होते. घरातल्या थोरल्या काकांना ते पसंत नाही; मेलेल्या माणसाचे नाव यंत्रात कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे तो टंक अद्याप बिननावाचाच आहे. वडील मात्र एकदा त्या दुकानात जाऊन आले आणि यंत्र दगडावर ‘ल’ कोरीत असता बराच वेळ उभे राहिले, असे तिच्या आईने मला सांगितले. नोकरीचा विषय त्यांनी सोडलेला नाही.

नऊ शिळा अजून व्हावयाच्या आहेत. त्यांवर केवळ आद्याक्षरे आहेत. ती ओळखणाऱ्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या असून त्यांना आता विजेरीच्या उजेडात नीट दिसत नाही; म्हणून मुलगी एकेक शिळा बोटांनी चाचपडून पाहावयास त्यांना हाताला धरून नेते. पावसाळ्यापूर्वी काम उरकावे असा विचार आहे.