कोण कोणाला जाब देतं?

आपल्या गटांतल्या कितीतरी मुली-सुना घरकाम उरकून एमपीएससीचा अभ्यास करतात. राज्यघटना आली की म्हणतात, "ताई, पाठच होत नाही." पाठ करण्याआधी एक प्रश्न विचारा: कोण कोणाला जाब देतं?

गटाची अध्यक्ष बैठकीत हिशेब देते ना? तसं कलम 75 प्रमाणे मंत्रिपरिषद सामूहिकपणे लोकसभेला जबाबदार असते. लोकसभेचा विश्वास गेला की सरकार गेलं. पैशाचा निर्णयही तिथलाच. धनविधेयक फक्त लोकसभेत मांडता येतं. राज्यसभेने ते 14 दिवसांत परत करायचं असतं.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागा ठेवल्या. अंमल मात्र जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला जोडला. हे परीक्षेपुरतं नाही, आपल्यासाठीही आहे.

रोज एकच कलम घ्या. भाकऱ्या झाल्या की सासूबाईंना सोप्या शब्दांत सांगा. त्यांना कळलं म्हणजे तुम्हाला आलं. आणि सासूबाई, अभ्यासाच्या त्या तासाभरात सुनेला हाक मारू नका. चहा आपणच ठेवू.