आणि, किंवा, नाही



१९८२ साली अमेरिकेत 'रॉकीज बूट्स' हा संगणकावरचा खेळ निघाला. मुलं पडद्यावर 'आणि', 'किंवा', 'नाही' या जोडण्या तारांनी जोडून यंत्र बनवायची. मग बूट ठरलेल्या आकारालाच लाथ मारायचा. चुकलं तर रागावणारं कोणी नाही, तार बदलून बघायची.

आम्हा गिरणी कामगारांना हे परकं नाही. उभा धागा तुटला किंवा आडवा तुटला, की स्वयंचलित माग थांबतो. तोच हा 'किंवा'.

आपल्या गडहिंग्लजच्या पोरांना नुसती बटणं पाठ करायला लावू नका. घरी पुठ्ठ्याचे लाल-निळे, गोल-चौकोनी तुकडे करा. "लाल आणि गोल उचल" म्हणा, मग "लाल किंवा गोल". ढीग का वाढला, ते पोरालाच सांगू द्या. "का?" विचारणाऱ्या लेकराला गप्प बसवू नका.

जयभीम!