ग्रामीण हवेतील नत्रसंयुगांचे मोजमाप : एक आवश्यक नोंद
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब लागत नाही, एवढे आम्ही निश्चित जाणतो. दम्याचा रुग्ण औषधोपचाराने बरा वाटून घरी जातो आणि पुन्हा त्याच हवेत श्वास घेतो. त्या हवेची नोंद आपल्याकडे नाही.

खेड्याची हवा शुद्धच असते, हा समज आता तपासून पाहिला पाहिजे. ट्रॅक्टर, डिझेल पंप, चूल आणि शेतात जाळलेले पाचट यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. गोठ्यातील शेण-मूत्र आणि जमिनीवर उघडा फेकलेला युरिया यांतून अमोनिया उडून जातो. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्यातील जो भाग हवेत जातो, तो शेतकऱ्याच्या पदराचे नुकसान आणि शेजाऱ्याच्या घशाची जळजळ ठरतो. हाच अमोनिया आम्लधर्मी वायूंशी संयोग पावून अतिसूक्ष्म कण तयार करतो व ते फुफ्फुसात खोलवर शिरतात. स्वयंपाकाच्या गॅसने धूर गेला, हे मोठेच काम झाले. तथापि त्याच्या ज्योतीतूनही काही नायट्रोजन डायऑक्साइड निर्माण होतो, म्हणून खिडकी उघडी हवीच.

२००९ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांत ग्रामीण भागाचा स्पष्ट उल्लेख आहे. नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर अमोनियाची १०० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी सुचविली. मर्यादा गावालाही लागू आहे. मोजणारी केंद्रे मात्र मुख्यत्वे शहरांत आहेत.

स्वयंचलित यंत्रे महाग असून त्यांना अखंड वीज लागते. यास एक साधा पर्याय आहे. बोटाएवढ्या नळीच्या बंद टोकाशी ट्रायइथेनॉलअमाइन लावलेली जाळी असते. नळी दोन ते चार आठवडे टांगून ठेवली की नायट्रोजन डायऑक्साइड त्यात शोषला जातो. पुढे प्रयोगशाळेत रंगाच्या गडदपणावरून त्याचे प्रमाण काढतात. अमोनियासाठी आम्ल लावलेली वेगळी नळी वापरतात. वीज लागत नाही. अर्थात यातून सरासरी कळते, क्षणिक वाढ कळत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी जोडीने नळ्या लावणे आणि एक न उघडलेली नळी पडताळणीसाठी राखणे आवश्यक आहे.

आमचा प्रस्ताव असा : श्वसनविकाराच्या रुग्णांपैकी ज्यांची संमती असेल त्यांच्या स्वयंपाकघरात, गोठ्याजवळ आणि अंगणात वर्षाच्या तिन्ही ऋतूंत ही मोजणी व्हावी. रुग्णाचे नाव गोपनीय राहील. निष्कर्ष प्रथम त्या कुटुंबास सांगितले जातील. गरीब रुग्णांच्या उपचारनिधीतील एक रुपयाही याकडे वळविला जाणार नाही. यासाठी स्वतंत्र खाते असेल व त्याचा लेखापरीक्षित हिशेब पुढील अहवालात आपणासमोर ठेवला जाईल.

मोजणीने कोणाचा दमा बरा होणार नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. परंतु चूल हलवावी, गोठा दूर न्यावा की युरिया मातीआड करावा, हे सांगताना आपल्या डॉक्टरांच्या हाती अंदाजाऐवजी आकडा असेल. या कार्यास आपण उदारहस्ते साहाय्य करावे, ही नम्र विनंती.